टक्के नसलेली दहावी

रिहे गावात कुशाबा पडळघऱ्यांच्या ओसरीवर माणसं दोन गोष्टींसाठी येत. एक म्हणजे इंद्रायणी तांदळाचं बियाणं, आणि दुसरी म्हणजे निवाडा. बियाणं ते चाळून देत आणि निवाडाही चाळूनच देत. गावच्या यात्रेत बैलगाडे पळत, तेव्हा घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, माथ्यावर हातात घड्याळ धरून उभे राहण्याचा मान त्यांचा होता, आणि त्यांनी एकदा सेकंद पुकारला की मालकानं कितीही पागोटं आपटलं तरी तो बदलत नसे. गाडे एकेकटे पळत, आणि ठरल्या सेकंदांच्या आत घाट चढतील त्या सगळ्या जोड्या पहिल्या नंबरात, उरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्यात. "घड्याळाला भाऊबंद नसत्यात," असं ते म्हणत, आणि स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याची जोडी त्यांनी एकदा तिसऱ्या नंबरात टाकली होती. त्यापायी सारजाबाई, म्हणजे त्यांची बायको, चातुर्मासभर माहेरी गेली नव्हती.

गणपतीतल्या गुणगौरवाचा नियमही त्यांचाच. दहावी-बारावी पास झालेल्या पोरांना मंडळाच्या स्टेजवर बसवून शाल-श्रीफळ द्यायची गावाची पद्धत. एका वर्षी एकानं आपला भाचा "फर्स्ट क्लास" म्हणून पहिल्या खुर्चीवर आणून बसवला आणि पुढं कळलं की भाच्यानं दोन पेपरांना तोंडसुद्धा दाखवलेलं नव्हतं. त्या दिवशी कुशाबांनी माईक हातात घेऊन जाहीर केलं, "हितनं फुडं टक्के सांगा, मंगच खुर्ची. जास्त टक्के फुडं, कमी टक्के मागं. टक्के न्हाई तर खुर्ची न्हाई." गावानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं कुशाबांनी स्वतःच वाजवल्या.

माणसाला आपलाच नियम कधी आडवा येईल याचा नेम नसतो.

कुशाबांचा मुलगा वाल्मीक भूगावला राहायचा. चांदणी चौकाकडून येणाऱ्या रस्त्यावर त्याचं फरशांचं दुकान होतं, वर चौथ्या मजल्यावर फ्लॅट. सोसायटीतली मुलं ज्या इंटरनॅशनल शाळेत जात, तिथंच त्यानं आपल्या आरोहीला घातलं. त्या शाळेबद्दल कुशाबांना एवढंच ठाऊक होतं की तिथं घंटा वाजत नाही आणि पोरं बाकावर न बसता गोल टेबलाभोवती बसतात, पंगतीला बसल्यासारखी. आरोही हुशार होती. सुट्टीला रिह्याला आली की आजोबांबरोबर खाचराच्या बांधावरून हिंडे आणि शंभर प्रश्न विचारी. त्यामुळं ती दहावीला आहे हे कळल्यावर कुशाबा निवांत होते. खुर्ची पहिलीच मिळणार, प्रश्न फक्त टक्क्यांचा.

मे महिन्यात बोर्डाचा निकाल लागला. अण्णासाहेबांचा नातू पियूष सत्त्याऐंशी टक्के घेऊन पास झाला. अण्णासाहेब म्हणजे दूध डेअरीचे माजी चेअरमन, कुशाबांचे वर्गमित्र, आणि ज्या दिवसापासून पाटी-पेन्सिल हातात आली त्या दिवसापासूनचे प्रतिस्पर्धी. संध्याकाळच्या आत रिहे फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यात पियूष काळा चष्मा घालून हात बांधून उभा, आणि मागं कुणास ठाऊक का, पण दोन वाघ.

डेअरीवर पेढा पुढं करत अण्णासाहेब म्हणाले, "काय कुशाबा, आरोहीचं किती?"

"तिची परीक्षा चालू हाय आजून."

"मे म्हैन्यात?"

"विलायतेची परीक्षा हाय ती. तितल्या लोकांस्नी मे म्हैन्यातच जरा ऊन भेटतंय."

डेअरीवरची माणसं हसली. कुशाबांनी पेढा न खाता खिशात टाकला.

जूनमध्ये रोपं टाकून झाली, तेव्हा अण्णासाहेबांनी बांधावरनं हाक मारली. "झाली का रं परीक्षा?"

"झाली. पेपर तपासायला विलायतेला गेल्यात."

"बोटीनं?"

यावर मात्र कुशाबांनी चिखलातून पाय वर काढला आणि ते पुढच्या खाचरात गेले.

जुलैत कुणी काही विचारेना, आणि ते जास्त वाईट होतं. पेरणी झालेल्या रानात जसं तण उगवतं तसं गावातल्या शांततेत बोलणं उगवतं. सारजाबाई बचत गटाच्या बैठकीला गेली, तर एका बाईनं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "वाईट नका वाटून घेऊ वैनी. एकदा उडाली म्हणून काय झालं? ऑक्टोबरला पुन्यांदा बसता येतंय की." सारजाबाई घरी आली आणि तिनं पितळेची पळी अशी आपटली की मांजर माळ्यावर जाऊन बसलं.

"आवं, निकाल लावा त्या पोरीचा!"

"म्या लावायचा आसता तर पेरणीआधीच लावला आसता," कुशाबा म्हणाले.

ऑगस्टमध्ये, गणपती आठवड्यावर आले असताना, वाल्मीकचा फोन आला.

"आबा, लागला निकाल. चांगला हाय."

"चांगला म्हंजे किती?"

"दोन ए स्टार, तीन ए, एक बी आणि एक डी."

"ह्ये झालं. आता टक्के सांग."

"टक्के नसतात, आबा."

"नसत्यात म्हंजे? बेरीज करून भाग घालायचा की."

"बेरीजच करत नाहीत तिथं. ज्या त्या विषयाचं ज्याला त्याला."

"बरं, पास तरी हाय का?"

"तसं सगळं मिळून पास-नापास असं नसतंय."

कुशाबांनी फोन खाली ठेवला. दारात कुंकवाचं बोट तसंच धरून सारजाबाई उभी होती.

"काय झालं?"

"पास बी न्हाई, नापास बी न्हाई."

"मंग साखर वाटायची का न्हाई, त्येवढं सांगा."

दुसऱ्याच दिवशी अमोल आला. अमोल त्यांचा पुतण्या आणि मंडळाचा अध्यक्ष. मोबाइलवर त्यानं खुर्च्यांची यादी केली होती. "तात्या, समदी नावं झाली. पियूष पयला हाय सध्या. आरोहीचं टक्के तेवढं सांगा, म्हंजे तिला त्याच्या फुडं टाकतो."

"सांगतो," कुशाबा म्हणाले, आणि त्यांनी खुंटीवरची टोपी काढली.

ते थेट भूगावला गेले आणि वाल्मीक व आरोहीला बरोबर घेऊन शाळेत जाऊन बसले. ज्ञानदा मॅडम म्हणून दहावीचं सगळं बघणाऱ्या बाई होत्या, मूळच्या लातूरकडच्या. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागदावर आकृती काढून सांगायला सुरुवात केली.

"काका, हिचं नाव आयजीसीएसई. मूळ परीक्षा ब्रिटनमधली, जीसीएसई. तिथली मुलं साधारण सोळाव्या वर्षी देतात. बाहेरच्या देशांतल्या मुलांसाठी तिचंच हे भावंड. तुमची दहावी जिथं येते तिथंच ही येते, पण तिथली शाळा इथं संपत नाही. हा मधला जिना आहे. याच्यावर अजून दोन वर्षं, ए लेव्हलची."

"म्हंजे अकरावी-बारावी."

"त्या मापाची. आता विषय. मुलं आपापले विषय निवडतात, आणि प्रत्येक विषयाचा निकाल स्वतंत्र. ए स्टार सगळ्यात वर, मग ए, बी, सी, असं जीपर्यंत. काही ठिकाणी अक्षरांऐवजी नऊ ते एक आकडेही देतात. त्यात नऊ सगळ्यात वर."

"आन ह्या समद्याची बेरीज?"

"नाही करत. पाच विषयांत सी किंवा त्याच्या वर असलं, त्यात इंग्रजी असलं, की आपल्याकडं सहसा दहावीच्या बरोबरीचं धरतात. आरोहीचे सहा आहेत. आणि तिनं गणिताचा मोठा पेपर दिलाय. छोटा पेपर देणाऱ्याला कितीही चांगला लिहिला तरी सीच्या वर जाता येत नाही."

एवढं कुशाबांना पटलं. छोट्या पेपराला मोठं बक्षीस नाही, हे न्यायाचं होतं. मग त्यांनी विचारलं, "ए मिळवायला मार्क किती लागत्यात?"

"ते दर वेळी पेपर बघून ठरतं. पेपर अवघड गेला असेल तर रेष थोडी खाली आणतात."

कुशाबांचा चेहरा बदलला. "म्हंजे माप बदलत्यात?"

"माप नाही काका, रेष."

"येकच की ओ ते." ते आरोहीकडं वळले. "आन त्यो डी कशात हाय?"

"भूगोलात," आरोही म्हणाली.

"भूगोलात! दारात डोंगार, म्होरं नदी, पल्याड धरण, आन भूगोलात डी?"

"आबा, पेपरात रिहे नव्हतं. जपानची लोकसंख्या होती."

निघताना दारात उभं राहून कुशाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "मॅडम, म्या कुणाला सांगत न्हाई. नुसता अंदाज. किती टक्के?"

"अंदाज सांगितला तर तो खोटा होईल, काका."

घड्याळ धरणाऱ्या माणसाला हे मानावंच लागलं. पण परतताना एसटीच्या खिडकीशी बसून ते घोटावडे फाट्यापर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणत होते, "माप बदलत्यात. दर साली माप बदलत्यात. आमचा वाणी परवडला."

त्यांनी अमोलला निरोप दिला की टक्के मिळालेले नाहीत. तो निरोप त्यांनी थोडा लांबवून दिला आणि अमोलनं थोडा आखडून, म्हणजे टक्के अजून यायचे आहेत एवढाच, ऐकला. अमोल कामसू पोरगा, पण त्याच्या कामाचा वेग त्याच्या विचारापेक्षा जास्त. मंडळाच्या मूर्तीसाठी मखराचं सामान आणायला तो लगेच भूगावला गेला, तेव्हा शाळेच्या भिंतीवर त्याला मोठा फ्लेक्स दिसला. वर ठळक अक्षरांत "१०० टक्के निकाल", खाली मुलामुलींचे फोटो, आणि त्यात तिसरी आरोही.

अमोलनं फोटो काढला, त्यातली आरोही कापली, पियूषच्याच फ्लेक्सवाल्याला दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिहे फाट्यावर पियूषच्या शेजारी, त्याच्याहून हातभर उंच फ्लेक्स उभा राहिला. "आरोही वाल्मीक पडळघरे. १०० टक्के. गावाची शान." मागं वाघ चार.

कुशाबा शेतावरून परतले ते फाट्यावरच थबकले. फ्लेक्सखाली अण्णासाहेब उभे होते, आणि पावसात भिजलेल्या कोंबड्यासारखे दिसत होते.

"अभिनंदन, कुशाबा," ते म्हणाले. "बोललास न्हाई कधी."

"आरं, ते..." कुशाबा म्हणाले. पन्नास वर्षांत अण्णासाहेबांनी त्यांचं अभिनंदन पहिल्यांदाच केलं होतं. असल्या दुर्मिळ पिकावर कुणी लगेच कोयता चालवत नाही.

घरी येऊन त्यांनी अमोलला धरलं. "शंभर कुटनं आणलंस?"

"शाळेच्याच बोर्डावर हाय, तात्या! छापील हाय."

कुशाबांना उमगलं. तो शाळेचा निकाल होता, पोरीचा नव्हे. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सारजाबाई साखरेची वाटी घेऊन बाहेर पडली, थेट बचत गटाच्या त्या बाईच्या घराकडं. कुशाबांनी तोंड मिटलं. आपण खोटं बोललेलो नाही, आपण फक्त गप्प आहोत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. रात्री जेवताना मात्र त्यांना भात कच्चा लागला, आणि तो कच्चा नव्हता.

गणपतीला वाल्मीकची गाडी आली. फाट्यावर गाडी थांबल्याचं, आणि मग दार आपटल्याचं, घरापर्यंत ऐकू आलं. आरोही पायीच धावत आली.

"आबा, ते उतरवा!"

"आगं, आधी पाणी तर पी."

"शंभर टक्के? मला शंभर टक्के? माझ्या मैत्रिणींनी हा फोटो पाहिला तर मी शाळेत तोंड कसं दाखवू? तो आकडा शाळेचा आहे. सगळ्यांना पाच विषयांत सी किंवा वर मिळालं म्हणून तो लावलाय!"

"ठावं हाय मला."

"ठाऊक आहे, आणि तरी?"

कुशाबा खाली बघून सुपारी कातरू लागले. "पोरी, आता उतरवला तर अण्णासाहेब म्हणंल, नापास हाय म्हणून उतरवला. म्हैनाभर तुझ्या आज्जीनं काय ऐकलंय, ठावं हाय का तुला?"

"मग खरं सांगा."

"खऱ्याला टक्के न्हाईत! टक्के न्हाईत तर खुर्ची न्हाई. नियम हाय."

"कुणी केलाय?"

कुशाबांनी सुपारीचं खांड पुन्हा अडकित्त्यात धरलं.

"मी त्या परीक्षेचा दोन वर्षं अभ्यास केलाय, आबा," आरोही म्हणाली. "मला त्या खुर्चीवर बसायचंय. पण माझ्याच निकालावर. डीसकट."

डीसकट. हा शब्द कुशाबांच्या कानात मेहुण्याच्या तिसऱ्या नंबरासारखा वाजला. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

गुणगौरवाच्या संध्याकाळी देवळापुढं सगळं गाव जमलं. स्टेजवर खुर्च्या मांडलेल्या, पहिल्या खुर्चीवर अमोलनं आरोहीचं नाव चिकटवलेलं. कुशाबा माईकपाशी गेले.

"फाट्यावरचा शंभराचा आकडा खोटा हाय," ते म्हणाले. "शाळेचा निकाल पोरीला चिकटवलाय. म्या बघितलं आन गप बसलो. पोरीला टक्के न्हाईत. त्या परीक्षेत टक्के देतच न्हाईत. ज्या त्या विषयाला अक्षार देत्यात."

लोकांत कुजबुज झाली. अण्णासाहेब पहिल्या रांगेतून उठले. कोंबडा आता वाळला होता.

"कुशाबा, नियम तुझा. टक्के न्हाई तर खुर्ची न्हाई."

"हाय माझा."

"आन त्या परीक्षेचं माप दर साली बदलतंय, आसं वाल्मीकच सांगत हुता डेअरीवर. पेपर आवघड तर रेघ खाली! ही काय परीक्षा झाली? ह्ये कसलं माप?"

हाच प्रश्न कुशाबांनी एसटीत सगळ्या रस्त्यानं स्वतःला विचारला होता. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि समोर त्यांना अण्णासाहेब दिसण्याऐवजी घाट दिसला. ओला, चिखलानं भरलेला घाट.

"अण्णासाहेब, तुमच्या दिवाणखान्यात काचंच्या कपाटात ढाल हाय. पयल्या नंबराची."

"हाय. मंग?"

"कुठल्या साली भेटली?"

"यात्रंत अवकाळी झाला त्या साली."

"घाट भिजला हुता. बैलं गुडघ्यापत्तुर रुतत हुती. सुक्या घाटाचं सेकंद लावलं आसतं तर तुमची जोडी कितव्या नंबरात आली आसती?"

अण्णासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं.

"सांगा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"त्या दिवशी पंचांनी घाट बघितला, चिखूल बघितला, आन पयल्या नंबराचं सेकंद वाढवलं. सगळ्यांस्नी सारखं वाढवलं. घड्याळ म्या धरलं हुतं. माप बदललं न्हाई अण्णासाहेब, रेघ हलवली. ते चुकीचं आसंल तर ढाल परत आणा."

देवळापुढं हशा उसळला. अण्णासाहेब हसले नाहीत, पण बसलेही नाहीत. "आन बेरीज? बेरीज का न्हाई करत?"

"तुमच्या बैलाचं सेकंद आन म्हशीचं दूध, ह्याची बेरीज कधी केलीया का तुमी?"

आता अण्णासाहेबांना बसावंच लागलं.

"नियम माझा हाय," कुशाबा पुढं म्हणाले, "म्हणून दुरुस्ती बी माझी. हितनं फुडं टक्के न्हाई वाचायचे. ज्याला जे मिळालं ते समदं वाचायचं. येकेक विषय. लपवायचं काय न्हाई. पयलं आरोहीचं वाचतो." आणि ते वाचू लागले. ए स्टारला टाळ्या पडल्या, एला पडल्या, बीलाही पडल्या. "भूगोल, डी," असं ते म्हणाले, तेव्हा मात्र टाळी पडली नाही.

"दारात धरण आसून?" बायकांच्या घोळक्यातून बचत गटाच्या बाईचा आवाज आला.

"पेपरात जपान हुतं!" सारजाबाईनं तिथल्या तिथं परतवलं.

"आता पियूष," कुशाबा म्हणाले. "मराठी..."

पियूष स्टेजवर अर्धवट उभा राहिला. "कुशाआबा, नको. गणित नका वाचू."

"का रं?"

"बेस्ट ऑफ फाइव्ह आहे ना. सहातले चांगले पाच धरतात. गणित त्यात नाहीये." त्यानं आवाज आणखी खाली आणला, पण माईक जवळच होता. "काठावर आहे."

अण्णासाहेब पुन्हा उठले. यावेळी त्यांचे दोन्ही हात वर होते. "कुशाबा, कुशाबा! काय नवीन नियम काढतुयास? जुना बराय आपला. पोरीला बसव खुर्चीवर आन शाली वाटून मोकळा हो."

"टक्क्यांशिवाय?"

"टक्क्यांशिवाय. डीसकट. पर गणित नको वाचू."

अमोलनं खुर्च्या पुन्हा मांडायला घेतल्या आणि तो अडला, कारण आरोहीला कुणाच्या पुढं टाकायचं आणि कुणाच्या मागं, हे टक्क्यांशिवाय ठरेना. शेवटी कुशाबा म्हणाले, "घाटात गाडी येकटीच पळती. कुठंबी लाव." तिची खुर्ची पियूषच्या शेजारी लागली. शाल घेताना दोघं काहीतरी कुजबुजत होती. ऐकणाऱ्यांनी सांगितलं की तिनं त्याला गणित शिकवायचं कबूल केलं आणि त्यानं तिला भूगोल.

फाट्यावरच्या फ्लेक्सवर अमोलनं दुसऱ्या दिवशी १००वर पांढरा कागद चिकटवून सातही अक्षरं हातानं लिहिली. भूगोलाचा डी लिहायला जागा उरली नाही, म्हणून तो एका वाघाच्या कपाळावर गेला.

त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर कुशाबा आणि अण्णासाहेब बरोबरच घराकडं निघाले.

"कुशाबा, खरं सांग," अण्णासाहेब म्हणाले. "पेपर बोटीनं गेलं हुतं का?"

"न्हाई. कॉम्प्युटरवरनं तपासत्यात."

"मंग निकालाला येवढा येळ?"

कुशाबांनी जरा विचार केला. "तितं थंडी आसती," ते म्हणाले.